मांडवा ते तेरेखोल: सायकलस्वाराचे सामान

सायकलवरून आठवडाभर फिरायचे तर सामानाचे दोन भाग पडतात: वाटेवरच्या बाजारात मिळणारे आणि कुठेही न मिळणारे. बॅग भरण्याची सुरुवात या वाटणीपासून केली की निम्मे ओझे घरीच राहते. साबण, टूथपेस्ट, बिस्किटे, खोबरेल तेल, पंचा, प्लास्टिकच्या पिशव्या हे सारे श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही पेठेत मिळते. परदेशी बनावटीच्या सायकलची बारीक व्हॉल्वची ट्यूब, डिस्क ब्रेकचे पॅड किंवा दहा गिअरच्या चेनचा जोड त्या पेठेत मिळत नाही. असे असूनही नवखा सायकलस्वार चार दिवसांचा खाऊ आणि सहा टी-शर्ट भरतो आणि तळहातावर मावणारा चेनचा जोड विसरतो. अडून बसण्याची वेळ येते ती त्या जोडावाचून.

हे सामान कसे ठरवायचे हे नीट समजण्यासाठी एक ठरावीक वाट डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे. या प्रकरणात ती कोकण किनाऱ्याची आहे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यापर्यंत २०२० सालापासून रो-रो बोट जाते. तिथून मुरूड, दिघी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, केळशी, हर्णै, दाभोळ, गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले, रेडी असे करत तेरेखोलच्या खाडीशी गोव्याची हद्द लागते. अंतर पाचशे किलोमीटरच्या वर भरते आणि बहुतेक जण ते सात-आठ दिवसांत कापतात. रोज संध्याकाळी घरगुती खोली आणि गरम जेवण मिळते. त्यामुळे तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह आणि भांडी ही चार मोठी ओझी यादीतून पहिल्याच फेरीत बाद होतात.

नकाशावर हा रस्ता समुद्राच्या कडेने सपाट चाललेला दिसतो. प्रत्यक्षात तो खाडीकाठी उतरतो, पलीकडे जांभ्याच्या सड्यावर चढतो आणि पुढच्या खाडीला पुन्हा उतरतो. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड या तरींवर गाड्यांसोबत सायकली नेणारी जंगल जेटी नावाची बोट चालते. तिच्यातून उतरताच चढ सुरू होतो. सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या दिवसात चढाईची बेरीज हजार मीटरच्या आसपास सहज जाते. हवा दमट, डिसेंबर-जानेवारीतही दुपार तिशीच्या वर आणि पहाट अंगावर काटा आणणारी. सामानाची प्रत्येक वस्तू या तीन गोष्टींच्या कसोटीवर उतरायला हवी: चढ, दमटपणा आणि दुकानांची जात.

वजन किती आणि कुठे

सायकलस्वारांच्या गप्पांत ग्रॅम ग्रॅम मोजण्याला फार भाव आहे. हिशेब करून पाहिला तर चित्र वेगळे दिसते. पाच किलो जादा वजन दिवसभरात हजार मीटर वर चढवायला सुमारे ४९ किलोज्यूल काम पडते. माणसाचे शरीर अन्नातल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच पेडलपर्यंत पोहोचवते. ते धरूनही हा खर्च पन्नास कॅलरीच्या आतबाहेर येतो, म्हणजे अर्धे केळे. वेळेचा हिशेब थोडा अधिक बोचतो. माणूस, सायकल आणि सामान मिळून शंभर किलो होत असतील तर पाच किलोने चढावरचा वेळ पाच टक्क्यांनी वाढतो, तासाला तीन मिनिटे.

जादा ओझ्याचा खरा त्रास इतरत्र होतो. दहा टक्क्यांच्या चढावर शेवटचा हलका गिअरही पुरेनासा झाला की सायकल ढकलावी लागते, आणि ढकलताना प्रत्येक किलो हाताला कळतो. खाडीकडच्या उतारावर ब्रेक जास्त तापतात. मागच्या चाकाचे आरे तुटतात, कारण सायकलस्वाराच्या वजनाचाही मोठा वाटा आधीच त्या चाकावर असतो. शिवाय भरगच्च बॅगेत हवी ती वस्तू वेळेवर सापडत नाही. खोलीवर मुक्काम करणाऱ्याने पाणी आणि खाणे सोडून दहा-बारा किलोची मर्यादा पाळली तर प्रवास सुखाचा होतो. सराव झालेले सात-आठ किलोत भागवतात. त्याहून खाली उतरण्याचा हट्ट धरला तर एखादी खरोखर गरजेची वस्तू घरी राहते, आणि तो व्यवहार तोट्याचा आहे.

हे वजन सायकलने वाहावे, पाठीने नव्हे. पाठीवरची सॅक दमट हवेत तासाभरात पाठ भिजवते, खांदे आखडवते आणि सगळा भार सीटवर आणते. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पॅनिअर बॅगा हा जुना आणि अजूनही सर्वांत भरवशाचा उपाय आहे. आज जगभर दिसणाऱ्या जलरोधक, तोंड गुंडाळून बंद करायच्या पॅनिअरचा मोठा प्रसार हार्टमुट ऑर्टलीब यांनी १९८२ साली जर्मनीत सुरू केलेल्या कंपनीने केला. ट्रकवरच्या ताडपत्रीसारख्या कापडातून पाणी आत येत नाही, ही त्यामागची साधी कल्पना. भारतात बनलेल्या पॅनिअरही आता चांगल्या मिळतात. बॅग जलरोधक नसेल तर आत जाड प्लास्टिकची पिशवी घालून तिचे तोंड पिळून बांधले तरी काम भागते. वर घालायचे रेन कव्हर वाऱ्यात उडते आणि चाकाने उडवलेले पाणी मागून आत जाऊ देते, म्हणून एकट्या त्याच्यावर विसंबू नये.

कॅरिअरच नसलेल्या सायकलींसाठी सीटखाली मागे निघणारी लांबट बॅग, फ्रेमच्या त्रिकोणात बसणारी बॅग आणि हँडलची गुंडाळी अशी त्रयी असते. ती हलकी आहे आणि कच्च्या रस्त्यावर खडखडत नाही. मात्र सीटखालची बॅग सैल भरली की प्रत्येक पेडलसरशी शेपटीसारखी हलते, आणि तिच्या तळाशी गेलेली वस्तू काढायला सगळी बॅग रिकामी करावी लागते. डांबरी रस्त्याच्या आठ दिवसांसाठी पॅनिअरच बऱ्या.

कॅरिअर घेताना त्यावर कोरलेली भारमर्यादा पाहावी. बऱ्याच चांगल्या कॅरिअरवर ती २५ किलो असते. कॅरिअर फ्रेमला जोडणारे बोल्ट बहुधा पाच मिलिमीटरचे असतात आणि खडबडीत रस्त्यावर हमखास ढिले होतात. रोज सकाळी चार मिलिमीटरची ॲलन की लावून ते तपासायला एक मिनिट लागते, आणि तसले दोन बोल्ट जादा ठेवले तर त्यांचे वजन जाणवतही नाही. पॅनिअरचे आकडे कॅरिअरच्या नळीवर सैल बसत असतील तर त्यांच्यासोबत आलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या आत बसवाव्यात. नाहीतर खडखड होऊन नळीचा रंग आणि पुढे धातूही झिजतो. बॅग इतकी मागे सरकवावी की पेडल फिरवताना टाच तिला लागणार नाही. मोठ्या पायाच्या माणसाला ही अडचण पहिल्या शंभर मीटरमध्येच कळते.

कपडे

कपड्यांच्या बाबतीत कोकणची हवा स्वतःचे नियम लादते. सुती कापड अंगाला सुखद असते, पण ते घाम शोषून स्वतःतच ठेवते. प्रमाणित हवामानात सूत आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओल धरते, तर पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. त्यामुळे पॉलिएस्टरच्या जर्सीतला घाम पृष्ठभागावर पसरून उडून जातो आणि सुती टी-शर्ट दुपारपर्यंत चिकटून बसतो. चिकटलेले ओले कापड काखेत आणि मांडीत घासते, तिथली कातडी सोलवटते, आणि दुसऱ्या दिवशी घामाचे मीठ त्या जागी झोंबते. पॉलिएस्टरला वास लवकर धरतो, हा त्याचा दोष रोज धुण्याने आवाक्यात राहतो. थंड देशांत सायकलस्वार मेरिनो लोकरीची शिफारस करतात, कारण ती ओली असतानाही ऊब देते. रत्नागिरीच्या दुपारी त्या गुणाचा उपयोग नाही.

चालवायच्या कपड्यांचे दोन जोड पुरतात: एक अंगावर, एक बॅगेत. तिसरा जोड घेण्याचा मोह बहुतेकांना होतो आणि तो परत येताना घडी न मोडलेला निघतो. दोन जोडांची रीत यशस्वी होते ती धुण्यावाळवण्याच्या शिस्तीवर. खोलीवर पोहोचताच, अंग टेकण्याआधी, कपडे बादलीत साबणाच्या पाण्यात टाकायचे. अंघोळ झाली की ते चुबकून स्वच्छ पाण्यात खंगाळायचे आणि हाताने पिळायचे. यानंतरची पायरी महत्त्वाची. कोरडा पंचा पलंगावर पसरून त्यावर पॅडची चड्डी सपाट ठेवायची, पंच्यासकट घट्ट गुंडाळी करायची आणि गुंडाळीची दोन टोके दोन हातांत धरून जोर लावून पिळायची. पॅडमधले पाणी पंचा ओढून घेतो. किनाऱ्यावर रात्री दव पडते, म्हणून कपडे अंगणातल्या दोरीवर ठेवले तर सकाळी अधिकच ओले मिळतात. ते खोलीत पंख्याखाली, दोन खुर्च्यांमध्ये बांधलेल्या दोरीवर टाकावेत. पॅड तरीही दमट राहिलेच तर दुसरी चड्डी घालून ही पॅनिअरच्या पाठीवर, पॅड उलटे वर करून, दोन-तीन मोठ्या सेफ्टी पिनांनी अडकवायची. दहा वाजेपर्यंत ऊन तिला खडखडीत वाळवते. तीन मीटर नायलॉनची दोरी आणि अर्धा डझन पिना या कामासाठी बॅगेत असाव्यात.

पॅडची चड्डी हा या यादीतला सर्वांत जास्त खर्च करण्याजोगा कपडा आहे. सीटवर माणूस बसतो तो कटीच्या दोन हाडांवर. पॅडचे काम त्या हाडांखालचा दाब पसरवणे आणि जिथे घर्षण होते तिथे शिवण येऊ न देणे. तिच्या आत दुसरी चड्डी घातली की शिवणी परत येतात आणि पॅडचा हेतूच बुडतो, म्हणून ती थेट अंगावर घालायची. जाड पॅड म्हणजे चांगले पॅड असेही नाही. मऊ जाड फोम दोन तासांत दबतो आणि मग सुरकुततो. स्त्रियांच्या पॅडचा आकार वेगळा, मागे रुंद आणि पुढे आखूड असतो. दुकानात पुरुषांचीच चड्डी लहान मापात दाखवली तर ती घेऊ नये. जांघेत घर्षण होते तिथे सकाळी व्हॅसलीनचा पातळ हात दिला तर सोलवटणे टळते. नवी चड्डी किंवा नवी सीट प्रवासाच्या पहिल्या दिवशी प्रथमच वापरणे ही हमखास दुखण्याची कृती आहे. घराजवळ दोनदा तरी तीन-चार तासांची फेरी मारून ती पारखावी.

अंगात लांब बाह्यांची फिकट रंगाची जर्सी असावी, किंवा आखूड बाह्यांच्या जर्सीवर वेगळ्या बाह्या चढवाव्यात. दुसरा प्रकार कोकणात उत्तम, कारण पहाटेच्या गारव्यात बाह्या ऊब देतात, दुपारी उन्हापासून वाचवतात, आणि त्या पाण्याने भिजवल्या की वाऱ्यावर हात थंड राहतात. मानेभोवतीचा बफ मान झाकतो, धुळीत नाकावर येतो, हेल्मेटखाली घाम टिपतो. बोटे उघडी ठेवणारे हातमोजे हँडलचा थरकाप कमी करतात आणि पडल्यास तळहात वाचवतात. पडताना माणूस तळहातच पुढे करतो. गॉगलच्या जोडीला एक पारदर्शक भिंगांचा चष्मा असला तर पहाटे अंधूक उजेडात किड्यांपासून डोळे सांभाळले जातात. पातळ विंडचीटर मुठीएवढा घडी होतो. जानेवारीत सड्यावरून खाडीत उतरताना घामेजल्या अंगाला सकाळी साडेसहाचा वारा चांगलाच लागतो, तेव्हा तो हवाच.

संध्याकाळचा वेश एकच: हलकी लांब पँट आणि सुती सदरा. इथे सूत आपले सुख देते. ही पँट जेवायला जाताना, बाजारात आणि वाटेवरच्या देवळांतही उपयोगी पडते. हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे ही देवळे या रस्त्यावरच आहेत, आणि घट्ट चड्डीत गाभाऱ्यापुढे उभे राहणे तिथल्या लोकांना रुचत नाही. पँट पॅनिअरच्या वरच्या थरात ठेवली तर चड्डीवरच चढवून दर्शन घेता येते. झोपायचे कपडे निराळे लागत नाहीत.

पावसाळ्यात हीच वाट काढायची असेल तर यादी थोडी बदलते. कोकणातला पाऊस गरम असतो. जाड रेनकोटात आतून घामाने भिजणे आणि बाहेरून पावसाने भिजणे यांत फारसा फरक उरत नाही. अनुभवी सायकलस्वार भिजणे मान्य करतात आणि रात्रीचे कोरडे कपडे, पांघरूण आणि फोन प्राणपणाने कोरडे ठेवतात. घाट उतरताना मात्र ओल्या अंगाला वारा लागून हुडहुडी भरते, तिथे रेनकोट घालावा. चाकावर मडगार्ड, मागे झगझगीत लाल दिवा आणि ब्रेकचे जादा पॅड ही पावसाळ्याची खरी सामग्री आहे, कारण चिखल आणि वाळू पॅड झपाट्याने खातात.

पायांत काय

पेडलला अडकणाऱ्या बुटांचे दोन प्रकार आहेत. शर्यतीच्या बुटांचा धातूचा किंवा प्लास्टिकचा खिळा तळव्याबाहेर येतो. शिमानोने १९९० साली आणलेल्या एसपीडी पद्धतीत तो रबरी तळव्याच्या खोबणीत बसतो, म्हणून त्या बुटांनी चालता येते. जंगल जेटीच्या उतरत्या धक्क्यावर ओले शेवाळ असते, गड चढताना जांभ्याच्या पायऱ्या लागतात, आणि तिथे पहिला प्रकार धोक्याचा ठरतो. साध्या पेडलवर कडक तळव्याचे पट्ट्यांचे सँडल घालून जाणारेही पुष्कळ आहेत. ते पाण्यातून चालतात, लगेच वाळतात, आणि संध्याकाळच्या वेगळ्या चपलेचे वजन वाचवतात. सुती मोजे त्यांच्यासोबत उन्हापासून रक्षण म्हणून चढवता येतात.

हत्यारे आणि सुटे भाग

गावातल्या पंक्चरवाल्याच्या कसबाबद्दल शंका नसावी. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब फिरवून केसाएवढे भोक तो क्षणात शोधतो. अडचण मालाची असते. त्याच्याकडे साध्या काळ्या सायकलच्या ट्यूबा असतात आणि मोटारसायकलच्या असतात. मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व, ज्याला श्रेडर म्हणतात, तो सायकलला असेल तर कोणत्याही टायरच्या दुकानात हवा भरता येते. हलक्या सायकलींना बहुधा बारीक, टोकाला स्क्रू असलेला प्रेस्टा व्हॉल्व असतो आणि त्यावर गावातला पंप बसत नाही. यावर उतारा म्हणजे पितळेचे नखाएवढे ॲडॉप्टर. प्रेस्टाच्या टोकावर ते आवळले की व्हॉल्व श्रेडरसारखा होतो. त्याची किंमत थोडी आणि वजन काहीच नाही, आणि ते व्हॉल्वलाच लावून ठेवले तर हरवतही नाही. उलटा प्रयोग चालत नाही: प्रेस्टासाठी पाडलेल्या रिमच्या भोकातून श्रेडरची ट्यूब जात नाही, कारण तिला दोन मिलिमीटर जास्त रुंद भोक लागते.

दोन जादा ट्यूबा, पंक्चरचे पॅच, सोल्युशन, घासकागद, प्लास्टिकचे तीन टायर लिव्हर आणि छोटा हातपंप हा किमान संच. ट्यूबा हत्यारांसोबत मोकळ्या ठेवल्या तर रस्त्याच्या हादऱ्यांनी घासून त्यांना बॅगेतच भोके पडतात. थोडी टाल्कम पावडर लावून त्या जुन्या मोज्यात घालाव्यात. सोल्युशनची उघडलेली ट्यूब काही आठवड्यांत वाळून जाते, म्हणून निघण्यापूर्वी नवी घ्यावी. टायर फाटला तर आतून लावायला जुन्या टायरचा बोटभर लांब तुकडा ठेवावा, घडी केलेली नोटही वेळ मारून नेते. ट्यूबलेस चाकांच्या मालकानेही एक ट्यूब बाळगावी, कारण टायरमधला द्रव मोठी चीर बुजवू शकत नाही.

चेन तुटणे विरळ, पण तुटली की सायकल जागीच थांबते. चेन तोडायचे हत्यार बहुतेक चांगल्या मल्टीटूलमध्येच असते. त्याच्यासोबत हाताने लागणारा जोड हवा, ज्याला सायकलवाले मिसिंग लिंक म्हणतात. तो मागच्या चकत्यांच्या संख्येशी जुळणाराच लागतो. नऊ चकत्यांच्या चेनचा जोड अकरा चकत्यांच्या चेनला बसत नाही. दुसरी अशीच वस्तू गिअरचा हँगर. मागचा गिअर फ्रेमला थेट न जोडता ॲल्युमिनियमच्या एका लहान तुकड्याला जोडलेला असतो. सायकल उजव्या अंगावर पडली की तो तुकडा वाकतो किंवा मोडतो, आणि फ्रेम व गिअर वाचतात. तो मुद्दाम नरम बनवलेला असतो. प्रत्येक बनावटीच्या फ्रेमचा हँगर निराळा, शेकड्याने आकार. मुंबई-पुण्याच्या दुकानातही कधी कधी मागवावा लागणारा हा तुकडा रत्नागिरीत ऐनवेळी मिळण्याची आशा करू नये. सायकल घेतानाच दोन विकत घेऊन एक बॅगेच्या तळाशी कायमचा टाकून ठेवावा.

याशिवाय ब्रेक पॅडची एक जोडी, एक गिअरची आणि एक ब्रेकची केबल, आणि मागच्या चाकाच्या मापाचे दोन-तीन आरे. आरे लांब असल्याने बॅगेत टोचतात, ते फ्रेमच्या मागच्या नळीला चिकटपट्टीने बांधून ठेवतात. बहुधा मागच्या चाकाच्या चेनकडच्या बाजूचा आरा तुटतो, आणि तो बदलायला चकत्यांचा गठ्ठा काढावा लागतो. ते जमत नसेल तर तुटलेला आरा शेजारच्याला गुंडाळून, ब्रेक रिमला घासत नाही ना हे बघून, सावकाश पुढचे शहर गाठावे. ॲलन की चार, पाच आणि सहाच्या असल्या की सायकलचे बहुतेक बोल्ट हाताळता येतात. प्लास्टिकचे दहा झिप टाय आणि पंपाभोवती गुंडाळलेली दोन हात चिकटपट्टी यांनी मोडलेला मडगार्ड, सुटलेला कॅरिअर आणि फाटलेला बूटही मुक्कामापर्यंत पोहोचतो.

खारा वारा हा चेनचा वैरी. पुळणीवर सायकल चालवण्याचा मोह केळशीला किंवा गुहागरला होतोच. तो पुरवला तर संध्याकाळी गोड्या पाण्याने वाळू धुऊन, चेन फडक्याने कोरडी करून, प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब सोडावा आणि वरचे तेल पुन्हा पुसून घ्यावे. बाहेरून चोपडलेल्या तेलाला वाळू चिकटते आणि ती कानशीसारखी दाते घासते. तीस मिलिलिटरची कुपी आणि जुन्या बनियनचे फडके आठवड्याला पुष्कळ होते.

पाणी, औषध, वीज

दोन बाटल्या, मिळून दीड लिटर, या वाटेला पुरतात. सड्यावरचे काही पट्टे सावलीविना आणि दुकानाविना जातात, म्हणून खाडी ओलांडण्याआधी त्या भराव्यात. नुसते पाणी पिऊन घामातले मीठ भरून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची जलसंजीवनी पावडर औषधाच्या दुकानात मिळते, आणि तिचे पाकीट एक लिटरला की त्याहून कमी पाण्याला आहे हे वाचूनच घोळावे. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

औषधांत स्वतःची नेहमीची औषधे आधी, मग जंतुनाशक मलम, निर्जंतुक पट्ट्या, चिकटपट्टी, उन्हाचे मलम. तापाची गोळी सगळीकडे मिळते. ओळखपत्र, रक्तगट आणि घरचा फोन नंबर लिहिलेला कागद फोनमागे ठेवावा. फोन बंद पडला तरी कागद वाचता येतो.

दहा हजार मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक फोन साधारण दोनदा भरते आणि रोज मुक्कामाला वीज असल्याने तेवढी बास. नकाशे घरूनच उतरवून घ्यावेत, खाडीच्या कुशीत नेटवर्क जाते. त्याच कारणाने सुट्या नोटा हव्यात. तरीवर आणि चहाच्या टपरीवर फोनने पैसे देणे कधी जमते, कधी नाही. दिव्यांत मागचा लाल दिवा अधिक महत्त्वाचा. तो पॅनिअरच्या आड जाणार नाही असा बसवावा, ही गोष्ट बॅगा लावल्यावर मागे दहा पावले जाऊन पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही.

एका वस्तूची दोन कामे

सामान कमी करण्याची सर्वांत चांगली रीत म्हणजे प्रत्येक वस्तूला दुसरे काम शोधणे. सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस टॉमस स्टीव्हन्स २२ एप्रिल १८८४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला, तो पुढे अवाढव्य आणि मागे चिमुकले चाक असलेल्या जुन्या सायकलवर. त्याच्या सामानात मोजे, एक जादा सदरा, एक पिस्तूल आणि एक रेनकोट होता. तो रेनकोटच त्याचा तंबू आणि त्याचे अंथरूण. लाहोरहून कलकत्त्यापर्यंत ग्रँड ट्रंक रोडने येऊन १८८६च्या डिसेंबरात त्याने योकोहामाला प्रवास संपवला. पंचा त्या रेनकोटाच्याच जातीचा आहे: टॉवेल, कपडे पिळायचे साधन, उन्हात डोक्यावरचे फडके, खोलीतली उशी मळकट असेल तर तिची खोळ. जाड टर्किश टॉवेल यांतले पहिले कामही धड करत नाही, कारण तो आठ दिवसांत एकदाही पुरता वाळत नाही.

बॅगेत रचना

जड वस्तू खाली आणि फ्रेमकडच्या बाजूला, म्हणजे हत्यारे, ट्यूबा, चार्जर. दोन्ही पॅनिअरच्या वजनात किलोभराहून जास्त फरक नसावा, घरच्या वजनकाट्यावर त्या तोलून बघाव्यात. एका बाजूच्या बॅगेत रात्रीचे सारे आणि दुसऱ्या बाजूच्या बॅगेत दिवसाचे सारे, अशी वाटणी केली तर मुक्कामावर एकच बॅग उघडावी लागते. पंक्चरचे सामान मात्र तळाशी जाता कामा नये. नाहीतर भर उन्हात रस्त्याकडेला सगळे कपडे बाहेर काढून लिव्हर शोधण्याची पाळी येते. ते वेगळ्या छोट्या पिशवीत सीटखाली असावे. पैसे, फोन, ओळखपत्र आणि चिक्की हँडलच्या बॅगेत, जी सायकल सोडून जाताना खांद्याला लावता येते. ट्यूब बदलताना हात काळे होतात म्हणून हत्यारांच्या पिशवीत साबणाची वडी आणि फडके.

भरलेल्या बॅगा लावून निघण्याच्या आठवडाभर आधी चाळीस किलोमीटरची एक फेरी मारावी, तीही चढ असलेल्या रस्त्यावर. भरलेली सायकल वळणावर उशिरा वळते, उभ्याने पेडल मारताना डुलते, ब्रेक लावल्यावर अधिक अंतर घेते. मागच्या टायरमध्ये एरवीपेक्षा थोडी जास्त हवा लागते. खडखडणारा आकडा, टाचेला लागणारी बॅग, झाकला गेलेला दिवा हे सगळे याच फेरीत कळते. परत आल्यावर प्रत्येक वस्तू जमिनीवर मांडावी आणि तिच्यावाचून अडेल का, अडलेच तर ती वाटेवरच्या बाजारात मिळेल का, असे विचारावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हो आले तर ती वस्तू कपाटात परत जाते.

परतीचा प्रवास बहुतेक जण रेल्वेने करतात. मडगाव, सावंतवाडी किंवा कुडाळच्या स्थानकावर सायकल पार्सल म्हणून नोंदवून सामानाच्या डब्यात जाते. त्यासाठी दिवे, बाटल्या, पंप आणि हँडलची बॅग काढून स्वतःजवळ घ्यावी, नाव आणि गंतव्य स्थानक लिहिलेला पुठ्ठा फ्रेमला दोन ठिकाणी बांधावा, आणि गिअरच्या भागाभोवती जुने कापड गुंडाळावे. हँगर वाकतो तो बहुधा डब्यात दुसरे पार्सल त्यावर रेटल्याने. विमानाने जायचे असेल तर सायकल खोक्यात जाते आणि पेडल काढावी लागतात. उजवे पेडल नेहमीच्या दिशेने सुटते, डाव्याचा आटा उलटा असतो. मल्टीटूल आणि लिव्हर खोक्यात टाकायचे, पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेतच ठेवायची.